इतर हक्कातली नावं

2019 च्या मार्चमध्ये मी बँकेचा राजीनामा दिला, तेव्हा नोकरीला अठरा वर्षं झाली होती. वीस पूर्ण करून स्वेच्छानिवृत्ती घेतली असती तर पेन्शन मिळालं असतं. राजीनाम्याने ते गेलं. वडील एवढंच म्हणाले, "दोन वर्षं कळ काढ." पण बढतीबरोबर परराज्यात बदली आली होती. ती घेतली असती तर पुन्हा धीर झाला नसता.

मी कर्ज विभागात होतो. तारण जमिनींचे तीस-तीस वर्षांचे सर्च रिपोर्ट वाचण्यात माझी निम्मी नोकरी गेली. वारसांच्या नोंदी रखडल्या की जमिनीला भाव येत नाही आणि कागद नीट झाले की तीच जमीन लगेच विकली जाते, हे रोज दिसायचं. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. गावाकडच्या वडिलोपार्जित सातबाऱ्यावर माझं नाव होतं. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे घेऊन शाळेतल्या मित्राबरोबर जमीन खरेदी-विक्रीच्या भागीदारीत उतरलो.

पहिली जमीन पुणे जिल्ह्यातली, एक एकर बारा गुंठे. सातबाऱ्यावर दोन भाऊ, बोजा नाही, भोगवटादार वर्ग 1, म्हणजे विकायला सरकारी परवानगीची गरज नाही. आम्ही विसार दिला. मग बँकेतल्या सवयीने मी जुने फेरफार काढले. 1987 च्या वारस नोंदीत दोन भाऊ होते, आई होती आणि दोन बहिणीही होत्या. हस्तलिखित सातबाऱ्यावर बहिणींची नावं 'इतर हक्क' या रकान्यात होती. संगणकावर उतरवताना ती गळली होती.

मित्र म्हणाला, "आजचा सातबारा कोरा आहे, खरेदीखत करून टाकू." पण फेरफार ही महसुलाची नोंद. नाव गळलं म्हणून हक्क गळत नाही. उद्या बहिणींनी दावा लावला तर आमच्याकडून घेणारा माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार. मी थोरल्या बहिणीला भेटायला गेलो.

साठीच्या पुढच्या मावशी. त्यांनी चहा ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पैशाचं नाय वो साहेब. दिवाळीला माहेराला जायचं तर भावाशी वैर कशाला? पण इचारलं का न्हाई कुणी?" धाकट्या बहिणीला तर जमीन विकली जातेय हेही ठाऊक नव्हतं. बँकेत शेकडो फायलींवर मी 'बहिणींचे हक्कसोडपत्र जोडले आहे' अशी ओळ वाचून खूण केली होती. त्या कागदामागे काय असतं हे मला त्या ओट्यावर बसल्यावर कळलं.

आम्ही भावांना सांगितलं : बहिणी खरेदीखतावर 'लिहून देणार', म्हणजे विकणाऱ्या, म्हणून सही करतील आणि त्यांच्या हिश्श्याचा धनादेश त्यांच्याच नावाने निघेल, नाहीतर विसार परत द्या. भाऊ चिडले. विसाराचे पैसे त्यांनी खर्च केले होते. बोलणी सुरू होतात न होतात तोच 2020 चा लॉकडाऊन लागला, निबंधक कार्यालयं बंद झाली. त्या वर्षी घर बायकोच्या पगारावर चाललं. महिन्याच्या एक तारखेला खात्यात काहीच जमा होत नाही, याची भीती मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवली. बँकेतले जुने सहकारी फोन करून विचारपूस करायचे, आणि फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप लागायची नाही.

अखेर धाकट्या भावाच्या मुलाने मध्यस्थी केली. नावं दुरुस्त करून घेण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज गेला. 2021 मध्ये खरेदीखत नोंदलं गेलं. व्याज आणि खर्च वजा जाता ठरवल्याच्या निम्माही नफा उरला नाही.

दस्तात मावशींचं नाव सासरचं, पुढे 'उर्फ' लिहून माहेरचं होतं. कारकुनाने ते पूर्ण वाचलं. वडिलांचं नाव कानावर पडताच त्या उठून उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि अंगठा द्यायला पुढे झाल्या. मग थांबल्या. म्हणाल्या, "सही येती मला." थोरल्या भावाने खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं.

आजही जमीन पाहायला गेलो की भावाआधी मी विचारतो, बहिणी किती? बरेच मालक गप्प होतात. तिथून माझं काम सुरू होतं.