उपाशी अळीचा हिशेब

यंदापासून घाटेअळीचं आतडं माझी विद्यार्थिनी काढते. सूक्ष्मदर्शकाखाली माझी बोटं थरथरू लागली आहेत. बर्फावरच्या अळीचं आतडं एका ओढीत अखंड बाहेर काढण्याचा मला भारी तोरा होता. पाहुणे आले की मुद्दाम करून दाखवायचो. तिचंही तितकंच स्वच्छ निघतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

हात रिकामे झाले आणि जुना प्रश्न पुन्हा डोकं खाऊ लागला. निंबोळी अर्क घातलेल्या खाद्यावर अळीचं ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिन पचवणारं एन्झाइम, घटतं. ते अर्काने घटलं, की तिने तोंडच लावलं नाही म्हणून? म्हणून शेजारी उपाशी अळ्या ठेवायच्या. पण अर्कवाली पुरती उपाशी नसते, कुरतडत असते. मग ती खाईल तेवढंच खाद्य तोलून साध्या अळीला द्यायचं. ही ते घटकाभरात फस्त करते आणि मग उपाशी बसते. अर्कवाली तेच दिवसभर पुरवते. आतड्यात अन्न केव्हा आलं, त्यावरही एन्झाइमचा आकडा हलतो. त्यात भागाकाराची भानगड: मिलिग्रॅम प्रथिनामागे मोजायचं की आतड्यामागे? उपासात प्रथिनही घटतं, त्यामुळे एका हिशेबात ठळक दिसणारा फरक दुसऱ्यात विरून जातो.

नळीतच अर्क आणि एन्झाइम एकत्र करा, असं सांगणारे भेटतात. पण अर्कातलं टॅनिन नळीत मिळेल त्या प्रथिनाला चिकटतं. अळीच्या आतड्याचा सामू 10 च्या आसपास. तिथे ती पकड सैल पडते.

हल्ली घाणेरी, निर्गुडी, हाताला लागेल तो पाला मिथेनॉलमध्ये भिजवतात आणि चार एन्झाइमांचे आलेख काढतात. उपाशी अळीचा स्तंभ शोधून सापडत नाही. अर्काचा स्वतःचा पिवळट रंग 410 नॅनोमीटरच्या वाचनातून वजा केला का, तेही लिहीत नाहीत. असे लेख परीक्षणातून परत धाडताना मला होणारा आनंद सात्त्विक नसतो.

विद्यार्थिनी म्हणते, “सर, अळीने खाल्लं नाही, पीक वाचलं. पाच टक्के अर्क फवारणाऱ्याला ट्रिप्सिनशी काय देणंघेणं?” खरंय. तरी तिच्या प्रबंधात मी आणखी एक गट घालायला लावलाय: अर्कवालीच्या चालीने, दर दोन तासांनी कणभर खाद्य मिळणारा. रात्री ते द्यायला कोण थांबणार, यावर सध्या आमचं वाजलंय.