उरलेले पाणी

यवतमाळातील आमच्या संकुलात कुंपणालगत दहा-बारा फुटांची एक पट्टी आहे. तिला बाग म्हणणे जरा धाडसाचेच. पण मोगरा, जास्वंद आणि कढीपत्ता तिथे सुखाने नांदत होते. जागा सर्वांची, निगा माझी आणि फुले पहाटे जो उठेल त्याची, असा अलिखित करार होता.

2018 च्या उन्हाळ्यात तो मोडला. शहराची तहान भागवणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही जलाशय आटले. टँकरपुढे रात्री-अपरात्री ड्रमांच्या रांगा लागू लागल्या. तांदूळ धुतलेले पाणी मी अंधारात, चोरासारखा, मोगऱ्याला नेऊन घालीत असे. एकदा तळमजल्यावरच्या काकूंनी पाहिले. "सर, एवढ्या पाण्यात माये चार भांडे निघाले असते," इतकेच त्या म्हणाल्या. मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

मी मोगरा सोडून दिला. वाक्य लिहायला सोपे आहे. त्याचा बहर नेमका उन्हाळ्यातला, आणि काळ्या मातीला बोट शिरेल एवढ्या भेगा पडलेल्या. कढीपत्ता साऱ्यांच्याच फोडणीत होता. त्याच्या तांब्याभर पाण्याला कोणाचाही आक्षेप नव्हता.

जानेवारी 2019 मध्ये याच शहरात 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तिथून परतलो तेव्हा काकू बादली घेऊन कुंपणाशी उभ्या होत्या. मोगऱ्याच्या वाळक्या खुंटाशी पाणी ओतीत म्हणाल्या, "राखेचं हाय, साबन नाही. चालते नं?"

तो केव्हाच गेला आहे, हे सांगायला माझी जीभ वळेना.