काठाकडून आत

मावळात आषाढ लागला की पाणी मोजायचं कुणाच्या मनातही येत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्येच कोसळतो. मळवली स्टेशनापासून जवळच, कार्ल्याच्या डोंगराखाली आमचं घर आहे. पागोळ्या थांबत नाहीत, खाचरं तुडुंब असतात, भिंतींना ओल धरते. त्या पावसात मी नवऱ्यासाठी पाणी मोजत होते. दिवसाला ७०० मिलिलिटर. चहा, आमटी आणि गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं.

यांचा रक्तदाब कितीतरी वर्षं वाढलेला होता आणि तो कुणी मोजलाच नव्हता. तळेगावच्या कारखान्यात पाळीची नोकरी, सुट्टीला शेत, डोकं दुखलं की एक गोळी. पायांवर सूज आली तेव्हा रक्त तपासलं. क्रिएटिनिन नऊच्या वर होतं. असायला हवं एकाच्या आसपास. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली होती. त्यानंतर आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिस. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला, हा मोठाच आधार झाला. मळवलीहून सकाळची लोकल धरायची, चिंचवडला उतरायचं, संध्याकाळी परतायचं. परतीला ते खिडकीशी डोळे मिटून बसत. मी स्टेशनं मोजत असे. घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत.

गोधडीचा विषय आत्यांनी काढला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे गोधड्या उन्हाळ्यात शिवतात, कापड कडकडीत वाळतं म्हणून. त्या वर्षी त्यांनी लुगडी धुऊन घड्या करून ठेवली होती आणि तेवढ्यात आजारपण आलं. एका दुपारी त्यांनी माजघरातली भांडी बाजूला सारली, फरशी कोरडी पुसली आणि एक नऊवारी लुगडं अंथरलं. म्हणाल्या, "समोर बस. एकटीनं गोधडी ताणली जात नाही."

मला खरं तर राग आला होता. घरात काय चाललंय आणि यांना गोधडी सुचते! पण बसले.

खाली लुगडं, मध्ये जुनी धोतरं, फाटक्या चादरी, मुलांचे आखूड झालेले सदरे, आणि वरून पुन्हा लुगडं. चार कोपऱ्यांवर दगडी वरवंटा, अडकित्ता, जे जड सापडेल ते. आधी लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे. मग काठापासून सुरुवात. चारी बाजूंनी एक फेरा पूर्ण झाला की बोटभर आत दुसरा. असा चौकोन लहान लहान होत मध्यापर्यंत जातो. मधूनच सुरुवात केली तर कापड फुगतं, सुरकुत्या बाहेर ढकलल्या जातात आणि कोपरे वाकडे होतात. आत्यांच्या हाताला हे साठ वर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं, त्या कधी समजावून सांगत नव्हत्या. माझा टाका घसरला की फक्त आपलं बोट तिथे ठेवत.

डायलिसिसच्या खोलीत अख्खी गोधडी नेता येत नाही. मी ठिगळं नेऊ लागले. वरच्या लुगड्यावर बसवायचे चौकोन दुमडून, कडा मारून, पिशवीत. बाहेरच्या बाकावर बसायचे. नर्सबाईंनी आत बोलावलं की यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर. मशीनमधून रक्त फिरत असतं, नळ्या लाल दिसतात, आणि माणूस चार तास एक हात न हलवता पडून असतो. आपल्याकडे कुणी टक लावून बघत बसलेलं त्यांना अजिबात सहन होत नसे. पहिल्या आठवड्यांत मी तेच करायचे. चेहऱ्यावर जरा बदल दिसला की विचारायचे, "अहो, बरं वाटतंय ना?" ते तोंड फिरवायचे. सुई हातात आली आणि हे थांबलं. शिवताना माझी नजर कापडावर असे, कान मात्र त्यांच्याकडे असत. मग त्यांचेच शब्द येऊ लागले. "हा कुठला कपडा?" "तुमचा कंपनीचा जुना शर्ट." "बाही ठेव, खिसा काढ." एवढंच बोलणं, पण ते आपणहून आलेलं होतं. आजारी माणसाजवळ बसणं किती अवघड असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. सुईनं मला ते बसणं दिलं.

तिथल्या तंत्रज्ञ मुलानं एकदा सांगितलं की हे यंत्र पहिल्यांदा विलेम कोल्फ नावाच्या डच डॉक्टरनं १९४३ मध्ये बनवलं. दुसरं महायुद्ध चालू, देश जर्मनांच्या ताब्यात, सामान मिळत नव्हतं. सॉसेजचं आवरण म्हणून वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या त्यानं लाकडी पिंपाभोवती गुंडाळल्या आणि त्यातून रोग्याचं रक्त फिरवलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. ज्या यंत्रावर माझ्या घराचा आधार होता ते उरल्यासुरल्या तुकड्यांतून जोडलेलं होतं. घरी येऊन मी आत्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग? टाकून द्यायचं काय असतं?"

घराचीही नवी लय लागली. सकाळी उठल्यावर आधी त्यांचं वजन, कारण दोन डायलिसिसच्या मध्ये वाढलेलं वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी. मग डाव्या हातावरचा फिस्टुला. तिथे धमनी आणि शीर एकमेकींना जोडलेली असतात आणि त्यावर बोटं टेकली की आत बारीक थरथर लागते. थरथर लागली म्हणजे रस्ता उघडा. रोज सकाळी मी ती बघायचे आणि मगच चूल पेटायची. बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायचा आणि ते पाणी फेकायचं, म्हणजे पोटॅशियम उतरतं. टोमॅटो, केळी, शहाळं बंद. मीठ नावापुरतं. भात मात्र चालायचा, आणि मावळात भाताला तोटा नाही. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला इंद्रायणी आमच्याच खाचरात पिकतो. अळणी आमटीबरोबर त्याचा गरम, चिकट घास त्यांना खाववत असे. त्या वासानं घर पूर्वीसारखं वाटायचं.

यांना आपलं मूत्रपिंड द्यायचं आत्यांनी ठरवलं. दोघांचं रक्त जुळलं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात आई जवळच्या नातेवाइकांत बसते, तरी समितीसमोर जावं लागतं, प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. कुणी दबाव आणलाय का, असं त्यांना विचारलं. "माझ्याच पोटी आला तो. दबाव कसला?" असं त्यांनी सांगितलं म्हणे. मी बाहेर होते. तपासण्या महिनोन्‌महिने चालल्या. त्या काळात आत्या पहाटे उठून गोधडीचे फेरे घालत. मागे काही ठेवायचं नाही असा त्यांचा हट्ट मला कळत होता, आणि त्यावर आम्ही दोघीही बोलत नव्हतो.

माघात शस्त्रक्रिया झाली. दोन खाटा, दोन मजले, मी जिन्यात. गोधडीचा मधला भाग राहिला होता, तो मी रात्री घरी शिवला. तेव्हा समोर ताण धरायला कुणी नव्हतं. कडेला पाटा ठेवला.

नवं मूत्रपिंड चालू झालं. आता दिवसाला तीन लिटर पाणी प्या म्हणून डॉक्टर मागे लागले. पण घरी येताना त्यांनी बजावलं की रोगप्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली आहे, तेव्हा जुनं कापड, ओल, बुरशी यांच्याजवळ नको. मावळातल्या माजघरात पावसाळाभर अंथरलेली ती गोधडी! ती यांच्या खोलीत जाणं शक्यच नव्हतं. मला वाईट वाटलं, लपवत नाही. मी ती उकळत्या पाण्यात घालून उन्हात टाकली आणि आत्यांच्या खाटेवर पसरली.

चैत्रात एकवीरेच्या जत्रेला कोकणातून, मुंबईतून कोळी बांधव आले, ढोल वाजले, गुलाल उडाला. आम्ही दार लोटून, मास्क लावून आत. आत्यांना जड उचलायला बंदी, यांना गर्दीला बंदी. मग मी लोणावळ्याच्या बाजारातून कोरं सुती कापड आणलं, दोनदा उकळून वाळवलं आणि यांच्यासाठी दुसरी गोधडी अंथरली. आत्या खाटेवरून उठणार, तोवर हेच येऊन समोरच्या काठाला बसले. दोन्ही हातांनी कापड धरलं.

"ओढू नकोस," आत्या वरून म्हणाल्या. "नुसतं धर. आवळलं की चुण्या पडतात."