किती मेगापिक्सेल पुरेत?

छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचे ठरले आणि रोह्याच्या आमच्या घरात 'मेगापिक्सेल' या शब्दाने ठाणच मांडले. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. दादा म्हणाला, "२० तरी हवेतच!" मी वही घेऊन हिशेब मांडला. ६ बाय ४ इंची फोटो, इंचाला ३०० ठिपके. म्हणजे १८०० गुणिले १२००, जेमतेम २२ लाख! ए-फोर आकाराचे अख्खे पान भरायलाही ९ मेगापिक्सेल पुरतात.

मला फोटो हवा आहे तो पेणला, आजोळच्या कारखान्यात, गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या आजोबांचा. आषाढात तिथे उजेड अंधूक, आणि फ्लॅशने त्यांचा हात दचकतो. कॅमेऱ्यातली प्रकाश झेलणारी पट्टी, म्हणजे सेन्सर, इवलासा आणि ठिपके उदंड असले, की एकेका ठिपक्याच्या वाट्याला चिमूटभर प्रकाश येतो. मग फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसतो. म्हणून मी १० मेगापिक्सेलचाच, पण मोठ्या सेन्सरचा जुना कॅमेरा निवडला.

दादा अजून कुरकुरतो आहे. पण आजोबांची दृष्टी मंदावली आहे. यंदाची आखणी कदाचित शेवटचीच. ती तेवढी नीट टिपता आली, की झाले.