पाहिलेल्यांसाठी पोस्टर

तुमसरात सिनेमा पडद्याआधी भिंतीवर लागायचा. धानाच्या गिरण्यांची कुंपणं, तुमसर रोड स्टेशनाकडे जाणारा रस्ता, पानठेल्यांच्या बाजू. मैद्याची खळ फासून कागद चिकटलेले असत. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींतले कामगार पाळी सुटल्यावर त्यांच्यासमोर थांबत. टॉकीजवरचा मोठा बोर्ड मात्र पेंटर हाताने रंगवायचा, तोही सिनेमा न पाहता. समोर एक छापील कागद, बाकी सगळा अंदाज. चेहरा नटाचा, डोळ्यांतला राग पेंटरचा.

हल्ली काही चित्रकार पर्यायी पोस्टरं काढतात. निर्मात्याने ती मागितलेली नसतात. सिनेमा डोक्यातून जात नाही म्हणून काढलेली असतात. मला ही मंडळी फार जवळची वाटतात. त्यांनी सिनेमा पाहिलेला असतो आणि त्यांचं चित्रही पाहिलेल्यांशीच बोलतं. जाहिरातीला शेवट लपवावा लागतो. यांना शेवटच रंगवता येतो.

सिनेमा आतून ओळखून पोस्टर रंगवणं तसं जुनंच. कोल्हापुरात बाबूराव पेंटर स्वतःच दिग्दर्शक, स्वतःच चित्रकार. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं 1924 सालचं पोस्टर आपल्याकडे टिकलेल्यांत सर्वांत जुनं मानलं जातं. पुढे धंदा वाढला, कामं वाटली गेली. तरी 1975 च्या ‘दीवार’साठी दिवाकर करकरेंनी पॅलेट नाइफने रंग ओढले आणि छायाचित्रात मावला नसता एवढा संताप कागदावर आणला. पोलंडात तर सिनेमांचं वितरण सरकारच करायचं, त्यामुळे नटाचा चेहरा मोठा हवा असा हट्ट धरणारं कोणी नव्हतं. तिथल्या विक्टर गुर्का यांनी 1973 साली ‘कॅबरे’साठी नर्तकींच्या पायांतून नाझी स्वस्तिक उभं केलं. सगळा सिनेमा त्यात आला.

पोट मात्र पर्यायी पोस्टरांवर भरत नाही. प्रिंट विकायला काढाव्यात तर हक्कांचा प्रश्न आडवा येतो. मग मुखपृष्ठं, जाहिराती करून हे काम जगवायचं. तुमसरातला हात चांगला असलेला मुलगा आज फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बॅनर जुळवतो. त्याला कोणीतरी ‘फँड्री’ दाखवावा आणि विचारावं, काय दिसलं? मला तर फक्त दगड दिसतो, त्या सिनेमातल्या जब्याच्या हातून सुटून थेट आपल्याकडे येणारा. नट नको, नाव नको. कुठल्याही टॉकीजवाल्याने असा बोर्ड लावला नसता. त्या मुलाने रंगवला तर मजुरी मी देईन. त्याला माझ्याहून वेगळं काही दिसलं, तर अधिकच आनंदाने.