सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही!

मुलांनो, शाळेतला तो पृथ्वीचा गोल जरा जवळ ओढा बरं. पॅसिफिक महासागर सापडला? आता त्या निळ्या पसाऱ्यात मधोमध बोट न्या. कुणीतरी शाईचं पेन झटकल्यासारखे चार-पाच ठिपके दिसतील. ती हवाई बेटे. त्यांतलं एक लांबट बेट म्हणजे मोलोकाई. त्याच्या उत्तरेच्या कडेला जमिनीची एक छोटीशी जीभ समुद्रात बाहेर आलेली आहे, पण ती गोलावर दिसायची नाही, त्यासाठी मोठा नकाशा हवा. त्या जिभेचं नाव कलाउपापा.

आज आपल्याला तिथे जायचं आहे. मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुमच्यापैकी बहुतेकांना तिथे प्रवेश नाही! सोळा वर्षांखालच्या मुलांना कलाउपापात येता येत नाही, असा तिथला नियमच आहे. का, ते पुढे कळेल. कागदावरून जायला आपल्याला कोण अडवतंय?

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिलाय का कुणी? तसाच उभा कडा डोळ्यांसमोर आणा. फक्त त्याच्या पायथ्याशी कोकण नाही, थोडीशी सपाट जमीन आणि पुढे तिन्ही बाजूंनी उसळता समुद्र. कडा दीड-दोन हजार फुटांचा, काही ठिकाणी त्याहूनही उंच. खाली उतरायला एक नागमोडी पायवाट. समुद्राकडून यावं तर लाटा नावेला खडकावर आपटायला टपलेल्या. थोडक्यात काय, देवाने बांधलेला तुरुंगच! हवाईच्या सरकारलाही तसंच वाटलं.

त्या काळी हवाई हे स्वतंत्र राज्य होतं आणि तिथे राजा होता. परदेशी जहाजांबरोबर बेटांवर नवनवे रोग आले. त्यांतलाच एक कुष्ठरोग. औषध नव्हतं. रोग कशाने होतो हेही कुणाला ठाऊक नव्हतं. ३ जानेवारी १८६५ रोजी कायदा झाला की ज्याला हा रोग झाला असेल त्याला घरातून उचलून वेगळं ठेवायचं. १८६६ च्या जानेवारीत पहिले बारा जण या कड्याखाली आणून सोडले गेले. पुढे शंभर वर्षांत सुमारे आठ हजार माणसं तिथे गेली, बहुतेक सगळी मूळची हवाईयन. आई नेली, मुलं घरी राहिली. मुलगा नेला, आई किनाऱ्यावर रडत राहिली. हवाईच्या लोकांनी या रोगाला आपल्या भाषेत जे नाव दिलं, त्याचा अर्थ आहे 'ताटातूट करणारा आजार'. रोगापेक्षा ताटातुटीचीच त्यांना जास्त धास्ती होती.

आता इथून थेट युरोपात, बेल्जियममधल्या ट्रेमेलो या खेड्यात उडी मारू. तिथे ३ जानेवारी १८४० रोजी एका शेतकऱ्याच्या घरी जोसेफ डी वेस्टर नावाचा मुलगा जन्माला आला. (तारीख पाहिलीत ना? तो कायदा झाला तो नेमका याचा पंचविसावा वाढदिवस!) जोसेफ अंगाने दणकट, शेतकामात तरबेज. त्याचा मोठा भाऊ धर्मगुरू झाला, त्याच्या पाठोपाठ हाही त्याच संघात गेला आणि तिथे त्याला डेमियन हे नाव मिळालं. भावाची हवाईला जाण्यासाठी निवड झाली होती, पण ऐन वेळी तो तापाने अंथरुणाला खिळला. डेमियनने थेट पॅरिसच्या मुख्य अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं, की भावाच्या जागी मला पाठवा. अजून शिक्षण पुरं झालेलं नाही आणि वरच्यांना न विचारता पत्र! जवळच्या वरिष्ठांना ते आवडलं नाही. परवानगी मात्र मिळाली. शिडाच्या जहाजातून जवळजवळ पाच महिने प्रवास करून १९ मार्च १८६४ रोजी तो होनोलुलूला उतरला. आपल्या घरी तो पुन्हा कधीच गेला नाही.

पहिली नऊ वर्षं मोठ्या हवाई बेटावर गेली. तिथे फादर डेमियन हवाईयन भाषा शिकले आणि स्वतःच्या हातांनी लाकडी चर्च उभारायला शिकले. करवत, रंधा, हातोडा ही हत्यारं पुढे त्यांना बायबलाइतकीच उपयोगी पडली.

१८७३ साली त्यांच्या बिशपांनी धर्मगुरूंना विचारलं, की मोलोकाईच्या रुग्णांना भेटायला कोण जाईल? आळीपाळीने जायचं होतं, काही आठवड्यांपुरतं. चार जण तयार झाले. पहिली पाळी डेमियन यांची. १० मे १८७३ रोजी ते उतरले तेव्हा वय होतं तेहतीस. त्यांची ती 'काही आठवड्यांची' पाळी सोळा वर्षं चालली.

वस्ती तेव्हा कलाउपापात नव्हती. जिभेच्या दुसऱ्या, वाऱ्यापावसाच्या बाजूला कलावाओ नावाची जागा आहे, तिथे होती. छोटंसं चर्च होतं, पण फादरांना राहायला घर नव्हतं. शेजारी एक झाड होतं, आपल्या केवड्याच्या जातीचं. पहिल्या रात्री ते त्याच झाडाखाली झोपले, आणि पुढच्याही कितीतरी रात्री.

त्यांचा दिवस कसा जायचा म्हणता? पहाटे प्रार्थना, मग मिस्सा. त्यानंतर मुलांची शिकवणी. मग झोपडी-झोपडी फिरणं, जखमा धुणं, पट्ट्या बांधणं. दुपारी सुतारकाम, आणि सुतारकामात सर्वांत जास्त वेळ कशाला, तर शवपेट्यांना. आठवड्याला कितीतरी माणसं जायची. आधी तर धड पुरतही नसत, डुकरं आणि कुत्री थडगी उकरायची. फादरांनी दफनभूमीला कुंपण घातलं. मेलेल्या माणसाला मान मिळाला की जिवंत माणसालाही थोडा धीर येतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पाण्याचे हाल होते. ज्यांच्या बोटांत जोर नाही अशा माणसांना लांबून पाणी आणावं लागे. अंग धुणं ही चैनच! डोंगराच्या घळीत एक बारमाही डोह आहे असं कळल्यावर सरकारकडून लोखंडी नळ आले आणि धडधाकट रुग्णांना हाताशी धरून फादरांनी ते वस्तीपर्यंत टाकले. १८७४ च्या हिवाळ्यात मोठं वादळ झालं, गवताच्या कुजक्या झोपड्या उडून गेल्या. मग लाकूड मागवून त्यांनी छोटी छोटी घरं बांधायला घेतली.

हे सगळं वाचून असं वाटेल, की यांना घाणीची, दुर्गंधीची किळस येत नसावी. छे! चांगलीच यायची. त्यांनी ते स्वतःच लिहून ठेवलं आहे. झोपडीत एखाद्याजवळ बसलं असताना श्वास कोंडायचा आणि बाहेर धावत जाऊन मोकळी हवा घ्यावी लागायची. वास मारायला म्हणून त्यांनी पाइप ओढायची सवय लावून घेतली. (ही सवय तुम्ही उचलू नका हं!) बाहेर जाऊन श्वास घ्यायचे आणि पुन्हा आत शिरायचे. मला विचाराल तर त्या सोळा वर्षांतली मोठी गोष्ट हीच, पुन्हा आत शिरणं.

तिथलं मुख्य खाणं होतं 'पोई'. अळूचे कंद, आपण अळकुड्या म्हणतो तेच, उकडून कुटायचे आणि आंबवायचे. सगळ्यांनी एका भांड्याभोवती बसून बोटांनी खायचं. रुग्णांना हात लावू नका, त्यांच्यात जेवू नका, अशी फादरांना सूचना होती. पण हवाईत दारी आलेल्या पाहुण्याने पोईला नाही म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं. फादर बसले आणि त्याच भांड्यात बोटं घातली.

चर्चमधली एक गंमत सांगतो. गंमत तरी कशी म्हणू? रोगाने काहींच्या तोंडात सारखी थुंकी साचायची. प्रार्थनेतून मध्येच उठून जायची लाज वाटायची, म्हणून ते येतच नसत. फादरांनी काय केलं असेल? उपदेश? मुळीच नाही. करवत घेतली आणि चर्चच्या लाकडी जमिनीला चौकोनी भोकं पाडली. पानाची गुंडाळी करून भोकात धरायची आणि खुशाल थुंकायचं. कुणाला उठायला नको, कुणाला खाली मान घालायला नको. ती भोकं आजही तिथे पाहायला मिळतात.

एकटेपणा मात्र फार होता. कॅथलिक माणूस आपल्या चुका धर्मगुरूपुढे सांगून क्षमा मागतो. गोव्याकडे याला कुमसार म्हणतात. धर्मगुरूलाही ते दुसऱ्या धर्मगुरूपुढे करावं लागतं. पण मोलोकाईत दुसरा होता कुठे? एकदा जहाजातून त्यांचे वरिष्ठ आले. कप्तानाने त्यांना उतरू दिलं नाही आणि डेमियन यांना वर चढू दिलं नाही. मग काय! खाली हलत्या नावेत डेमियन उभे, वर कठड्याशी वरिष्ठ. लाटांच्या आवाजात डेमियन यांनी आपल्या चुका ओरडून सांगितल्या. आसपासच्यांना कळू नये म्हणून फ्रेंचमध्ये, एवढंच. भर वर्गात बाकावर उभं राहून आपली चूक मोठ्याने सांगायची वेळ आली तर तुमचं-आमचं काय होईल, सांगा पाहू! चर्चमध्ये वेदीसमोर रोज बसायला मिळत नसतं तर आपण टिकलोच नसतो, असं त्यांनी लिहिलं आहे.

असं असलं तरी ते काही मऊ स्वभावाचे साधू नव्हते. हट्टी होते. लवकर चिडायचे. लाकूड, कपडे, औषधं हवीत म्हणून सरकारी अधिकाऱ्यांच्या आणि आपल्याच वरिष्ठांच्या मागे असे लागायचे की ते वैतागत. वस्तीत चोरून दारू गाळली जायची, तिथे हे काठी घेऊन हजर!

आणि ते एकटेच सेवा करत होते असंही समजू नका. 'कोकुआ' म्हणजे मदतनीस. स्वतःला रोग नसताना आपल्या माणसाबरोबर कड्याखाली राहायला आलेले कितीतरी हवाईयन कोकुआ तिथे होते. जोनाथन नापेला हा त्यांतलाच एक. पत्नीला रोग झाला म्हणून तो १८७३ मध्येच तिच्याबरोबर आला. तो मॉर्मन पंथाचा, डेमियन कॅथलिक. बाहेरच्या जगात या दोन पंथांचं मुळीच जमत नसे. इथे दोघांची चांगली मैत्री झाली. नापेलालाही पुढे रोग झाला आणि तो तिथेच वारला. त्याचा पुतळा कुणी जगभर मिरवला नाही, म्हणून मुद्दाम नाव सांगितलं.

१८८४ चा डिसेंबर. दमून आलेल्या फादरांनी पाय शेकायला गरम पाण्यात बुडवले. पाणी उकळतं होतं. कातडीवर फोड आले, तरी दुखलं काहीच नाही! अर्थ त्यांना लगेच समजला. कुष्ठरोगात त्वचेची संवेदना जाते.

पुष्कळ ठिकाणी अशी गोष्ट छापतात की, त्यानंतर त्यांनी प्रवचनात पहिल्यांदा 'आम्ही कुष्ठरोगी' असं म्हटलं आणि लोक समजले. गोष्ट चांगली आहे, पण खरी हकीकत निराळी. तिथे पोचल्यावर सहा महिन्यांतच भावाला लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की मी प्रवचनात 'आम्ही कुष्ठरोगी' असंच म्हणतो. म्हणजे रोग होण्याच्या अकरा वर्षं आधीपासून!

शेवटच्या वर्षांत मदतीला माणसं आली. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले ब्रदर डटन १८८६ मध्ये आले, आणि १८८८ मध्ये मदर मारियान दोन सिस्टरांना घेऊन आल्या. १५ एप्रिल १८८९ रोजी, एकोणपन्नासाव्या वर्षी फादर डेमियन गेले. त्यांना त्याच केवड्याच्या भाईबंद झाडाखाली पुरलं.

काही आठवड्यांनी एक आजारी लेखक तिथे आठ दिवस राहून गेला. 'ट्रेझर आयलंड'वाला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन! तो तिथल्या मुलींबरोबर क्रोके खेळला, आणि परत गेल्यावर त्याने त्यांना पियानो पाठवला. पुढे कुणीतरी डेमियन यांची निंदा करणारं पत्र छापलं, तेव्हा हाच भला माणूस खवळून उठला. त्याने दिलेलं उत्तर गाजलं. विशेष म्हणजे त्याने डेमियन यांचे दोष लपवले नाहीत.

आता औषधाचं सांगतो. डेमियन मोलोकाईत उतरले त्याच १८७३ साली नॉर्वेच्या डॉक्टर हॅन्सेन यांना या रोगाचे जंतू सापडले. पण गुणकारी औषध कलाउपापात पोचायला १९४६ साल उजाडलं. आज सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांना तर तो मुळात होतच नाही. तरीही भीती जाता जात नाही. बाबा आमटेही आधी गटाराकाठच्या तुळशीरामला पाहून घाबरून पळालेच होते ना? ते परत फिरले, म्हणून वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं.

राहता राहिला तो नियम. कलाउपापात कुणाला बाळ झालं की ते आईपासून लगेच दूर नेत. आजोळी, नाहीतर अनाथाश्रमात. रोगाच्या भीतीने मुलांना या गावापासून लांब ठेवायची जी रीत पडली, तिचाच हा अवशेष. सक्तीचं वेगळं ठेवणं १९६९ मध्ये संपलं. 'आता तुम्ही मोकळे,' असं सरकारने सांगितलं, तरी बरेच जण तिथेच राहिले. जाणार कुठे? ज्यांच्यापासून तोडलं ती माणसं उरली नव्हती, आणि ज्यांच्यात ठेवलं तीच आता घरची झाली होती.

१९३६ साली बेल्जियमने डेमियन यांचा देह मायदेशी नेला. पुढे २००९ मध्ये रोमला त्यांना संत म्हणून जाहीर करण्यात आलं. कलाउपापाच्या लोकांना मात्र ती रिकामी कबर सलत होती. अखेर १९९५ मध्ये त्यांचा काही भाग परत मोलोकाईला आणला गेला आणि त्याच जुन्या जागी पुरला गेला. कोणता भाग, ठाऊक आहे? उजवा हात.