अर्धें डोकें रंगल्यावर

केस पांढरे होणें ही गोष्ट मनुष्याच्या हातची नाहीं. ते पुन्हां काळे करणें मात्र अलीकडे त्याच्या हातची, किंवा खरें बोलावयाचें तर त्याच्या पाकिटाच्या हातची झाली आहे. आम्ही स्वतः गेलीं बारा वर्षें महिन्यांतून एका रविवारीं न्हाणीघराचें दार लावून, दांत घासण्याच्या जुन्या ब्रशानें डोक्यास कलप लावीत आलों आहों. हें गुपित घरांत सर्वांस ठाऊक आहे व सर्वजण तें ठाऊक नसल्याचें दाखवितात. तेव्हां पिकल्या केसांविषयीं वैराग्यपर उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, हें आरंभींच कबूल करून टाकतों. कलपाच्या पुडीवर किंमत छापलेली असते. ती देऊन पुडी आणावी, कालवावी, लावावी. यांत भावाचा म्हणून कांहीं प्रश्न असूं शकेल असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. तें वाटावयास आमच्या वडील बहिणीचे केस कारण झाले.

ताईचे यजमान जाऊन दोन वर्षें झालीं. लग्नापूर्वीं ती शाळेंत संस्कृत शिकवीत असे. पुढें संसारांत तें राहिलें. गेल्या मार्गशीर्षांत सिडकोंतील एका खासगी शिकवणीवर्गानें तिला मुलाखतीस बोलाविलें. वय चौपन्न, पुस्तकें धुळींतून नुकतीं बाहेर काढलेलीं, आणि केसांचा रंग राखेसारखा. “अरे, पोरें आधीं बाईचे केस पाहतात, मग व्याकरण,” असें ती म्हणाली, आणि केस रंगवून घेण्याचा बेत तिनें प्रथम आम्हांस सांगितला. प्रथम आम्हांसच कां, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. विधवा बाईनें डोक्यास रंग लावावा कीं काय, यावर आमच्या वृद्ध आत्याबाईंचें मत विचारण्याची गरजच नव्हती. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या नाभिकांनीं विधवांचें केशवपन करावयाचें नाहीं असें ठरविलें. ज्या कामाचे पैसे मिळत तेंच काम वस्तऱ्यानें नाकारलें. त्यानंतर एकशें पस्तीस वर्षांनीं एका बाईस आपल्याच केसांविषयीं दबक्या आवाजांत बोलावें लागावें, एवढें ओघानें नमूद करून पुढें जातों.

शहराच्या नव्या भागांत एक मोठें दुकान आहे. दर्शनीं कांच, आंत गार हवा, भिंतीस भिंतीएवढे आरसे. दाराशीं दरांचा फळा. पुरुषांच्या बाजूस ‘केस रंगविणें, रु. ६००’ असें सरळ लिहिलें होतें. स्त्रियांच्या बाजूस होतें, ‘रु. १,२०० पासून’. हें ‘पासून’ आम्हीं दोघांनींहि वाचलें, आणि दोघांनींहि त्याकडे दुर्लक्ष केलें. बाराशें रुपये ताईनें वेगळे काढून ठेवलेच होते. आणखी शंभर-दोनशें वर लागतील असा तिचा अंदाज होता. ती खुर्चीवर बसली, गळ्याभोंवतीं काळें कापड आलें, आणि आम्ही बांकावर मासिक चाळीत बसलों.

अर्धें डोकें रंगून झाल्यावर भाव बोलूं लागला. केस खांद्याखालीं आहेत, एक ट्यूब पुरत नाहीं, दुसरी काढावी लागेल: नऊशें. बाईंच्या वयाला अमोनियाविरहित रंग बरा, तोच लावला आहे: त्याचा फरक सहाशें. पूर्वीं मेंदी लावलेली दिसते, त्यावर रंग धरावा म्हणून निराळा उपचार: आठशें. धुणें आणि वाळविणें मिळून चारशें. बेरीज तीन हजार नऊशें. वर पांच टक्के कर एकशें पंचाण्णव. एका कागदाच्या कपट्यावर हे आंकडे लिहून आले. त्यावर दुकानाचें नांव नव्हतें, पावतीचा क्रमांक नव्हता. ताईनें पर्समध्यें पाहिलें, आम्हीं खिशांत पाहिलें, आणि दोघांचें मिळून बिल चुकतें केलें. तिनें वाद घातला नाहीं. गुलमंडीवर भाजीच्या जुडीसाठीं दोन रुपयांवरून पाऊण तास उभी राहणारी ही बाई! पण भाजीवालीसमोर मनुष्य पाठ फिरवून चालूं लागूं शकतो. अर्ध्या काळ्या व अर्ध्या पांढऱ्या डोक्यानें, गळ्यांत ओलें कापड घेऊन कोणी कोठें जावें? घरीं आल्यावर ती एवढेंच म्हणाली, “फळ्यावर पंचमी होती. ‘पासून’ होतें, तर ‘पर्यंत’ कोठें आहे, हें मीच विचारावयास हवें होतें. व्याकरण शिकवावयास निघालेंय मी!” त्या महिन्यांत तिनें दुधाचा रतीब अर्धा केला, हें आम्हांस पुष्कळ दिवसांनीं कळलें.

आम्हांस राग आला, आणि रागावलेला मनुष्य करतो तसेंच आम्हीं केलें: दोन दिवसांनीं एकटेच तेथें गेलों. मालक नव्हते. ज्या पोरानें ताईचे केस रंगविले तो दुकानाबाहेर चहा पीत उभा होता. त्याच्यावर शब्द टाकण्याच्या बेतानें गेलेले आम्ही अर्धा तास त्याच्याकडून शिकत उभे राहिलों. रंग केसावर बसत नाहीं, केसाच्या आंत बसतो, असें त्यानें सांगितलें. अमोनिया केसाचें वरचें कवच फुगवून उघडतो. मग हायड्रोजन पेरॉक्साइड आंतला मूळचा रंग फिका करतो व नव्या रंगाचे कण आंतच मोठे करतो, म्हणून ते धुतांना बाहेर येत नाहींत. हें पेरॉक्साइड कोठें सहा टक्के, कोठें नऊ, कोठें बारा. केस पाहून ठरवावें लागतें. मेंदीचा रंग केसाच्या द्रव्यास घट्ट चिकटतो, आणि बाजारच्या ‘काळ्या मेंदी’त कधीं धातूचे क्षार असतात, अशा डोक्यावर नवा रंग काय रूप घेईल याची खात्री नसते. पाऊण तास थांबल्यावर जर छटा चुकली तर गिऱ्हाईक पैसे देत नाहीं, आणि ट्यूब मात्र गेलेली असते. एकदां कालविलेला रंग तासाभरानें निकामी. तो परत ट्यूबमध्यें भरतां येत नाहीं. हें सर्व खरें आहे, आणि केस न पाहतां भाव सांगतां येत नाहीं हेंहि खरें आहे.

“पण केस तर तूं रंग कालविण्यापूर्वींच पाहिले होतेस ना?” आम्हीं विचारलें.

त्यानें चहाचा पेला खालीं ठेवला. “साहेब, आधीं सांगितलं तर गिऱ्हाईक उठून जातं. शेजारच्या दुकानावर ‘नऊशें नव्व्याण्णवपासून’ लिहिलंय.” त्याला ठरलेला पगार आहे तो थोडा, बाकीचें वरकामावरील टक्केवारीनें. दुसरी ट्यूब, निराळा उपचार, हें ‘वर’ जेवढें होईल तेवढें त्याचें घर चालतें. आमचे तीन हजार नऊशें कोणाच्या पदरांत किती पडले हें विचारण्याची आम्हांस लाज वाटली. त्यानें मात्र आपण होऊन आपल्या वांट्याचा आंकडा सांगितला. तो येथें लिहीत नाहीं. राग घेऊन गेलों होतों तो आतां कोणाकडे न्यावा हेंच आम्हांस कळेना.

त्यानें आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटली. रंगाच्या खोक्यावर छापलेलें असतें कीं, लावण्यापूर्वीं अठ्ठेचाळीस तास कानामागें किंवा कोपराच्या आंतील बाजूस थेंबभर लावून पाहावा. पॅराफेनिलिनडायामाइन नांवाचें जें द्रव्य बहुतेक गडद रंगांत असतें तें कित्येकांच्या कातडीस सोसत नाहीं, तोंड सुजतें, डोळे मिटतात. ही परीक्षा कोणी करीत नाहीं, कारण गिऱ्हाइकास आजच केस काळे हवे असतात आणि दुकानास गिऱ्हाईक आजच हवें असतें. ती परीक्षा खरोखर झाली असती तर ताईच्या कातडीबरोबर तिच्या पर्सलाहि दोन दिवस मिळाले असते. दोन दिवसांत मनुष्य बेरीज करतो, दुसरीकडे विचारतो, नको असल्यास परत येतच नाहीं. रंगापूर्वींचा हा जो वेळ सर्वांनीं मिळून गिळून टाकला आहे, त्यांतच भाव सांगण्याची जागा होती.

आमच्या शहरास रंगाचा धंदा नवा नाहीं. आज ज्यास छत्रपती संभाजीनगर म्हणतात व आमच्या लहानपणीं ज्यास औरंगाबाद म्हणत, तेथें गुलमंडीजवळ रंगारगल्ली आहे. आई तेथें जुनीं लुगडीं रंगवावयास नेई, आम्ही पिशवी धरून मागें. रंगारी लुगडें उलगडी, उजेडाकडे धरी, जीर्ण जागा बोटानें दाखवी, आणि “इथें रंग गडद बसेल, इथें फिका, इतके पैसे पडतील” असें सांगून गप्प बसे. आई भाव करी. तो मान हालवी किंवा हालवीत नसे. पण कापड रंगांत बुडण्यापूर्वीं सारें बोलणें संपलेलें असे, कारण बुडालेलें कापड परत पांढरें होत नाहीं हें दोघांस ठाऊक होतें. यांत मोठी सचोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. कापड अजून आईच्या हातांत होतें, एवढेंच.

जुन्या गांवगाड्याचे गोडवे गाणारे वाचक येथें बलुत्याची आठवण करून देतील. न्हाव्यास डोक्यामागें दाम नव्हता. सुगीला खळ्यावर त्याचा धान्याचा वांटा मिळे, आणि तो साऱ्या गांवासमोर मोजला जाई. हें खरें. पण तो वांटा जातीनें ठरे, मोजणाऱ्याच्या मर्जीनें कमी होई, आणि न्हाव्यास ‘मला हें परवडत नाहीं’ म्हणून दुकान बंद करण्याची सोय नसे. भाव उघडा होता, न्याय्य नव्हता. आज कित्येक गांवीं नाभिक संघटना एकत्र बसून दाढी-कटिंगचे दर ठरवितात व प्रत्येक दुकानांत एकच दरपत्रक लागतें. अर्थशास्त्री यास नाक मुरडतील. पण दाढी अर्धी झाल्यावर कोणी भाव वाढविल्याचें आम्हीं तरी ऐकलें नाहीं. रंगाच्या बाबतींत असें दरपत्रक सोपें नाहीं, कारण डोकें डोक्यासारखें नसतें. मात्र ट्यूबची छापील किंमत, तिच्यांतील किती भाग लागेल, आणि हाताची मजुरी, हे तीन आंकडे रंग कालविण्यापूर्वीं कोणत्याहि डोक्याविषयीं सांगतां येतात. ट्यूबवरील किंमत छापावीच लागते, तसा नियम आहे. सेवेस असा छापा नाहीं.

कायदा अगदींच मुका आहे असेंहि नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें सेवेची किंमत जाणून घेणें हा ग्राहकाचा हक्क मानला आहे, आणि बिल न देणें ही अनुचित व्यापारी प्रथांत मोजली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा दुकानांच्या सेवेवरील कर अठरा टक्क्यांवरून पांचांवर आला. त्याच वेळीं ट्यूबवर किंवा जागेच्या भाड्यावर भरलेल्या कराची वजावट मात्र गेली, म्हणून कर उतरला तेवढे दर उतरले नाहींत. आम्हीं ताईस तक्रार करण्याचें सुचविलें. कपट्यावर नांवच नव्हतें, तेव्हां ती हंसली आणि विषय तेथेंच राहिला.

नोकरी तिला मिळाली. पांच आठवड्यांनीं भांगांत पांढरी रेघ उमटली. या खेपेस ती औरंगपुऱ्याच्या एका बोळांत गेली. तेथें एक बाई घराच्या पुढच्या खोलींत पार्लर चालविते. एकच खुर्ची, एक आरसा, गॅसवर पाण्याचें पातेलें. ताई उभ्यानेंच म्हणाली, “आधीं किती ते सांगा.” त्या बाईनें कंगव्यानें चार ठिकाणीं भांग पाडून पाहिला, भिंतीवरील दिनदर्शिकेचें उलटून गेलेलें पान फाडलें आणि त्याच्या मागें लिहिलें: मुळांपुरता रंग, ट्यूब ५२० ची, अर्धी लागेल, २६०, काम ३५०, धुणें ४०, एकूण ६५०. मग कानामागें थेंबभर रंग लावला आणि “काकू, खाज आली तर येऊं नका, नाहींतर परवां या,” असें सांगून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

ताई परवां गेली. साडेसहाशेंच झाले. उरलेली अर्धी ट्यूब त्या बाईनें झांकण घट्ट लावून फळीवर ठेवली, तिच्यावर चिकटपट्टीनें ताईचें नांव लावलें, आणि दिनदर्शिकेच्या त्याच पानावर खालीं आणखी एक ओळ लिहून तें पान ताईच्या हातांत दिलें: ‘ऊरलेली आर्धी टुब जमा.’ ताईनें तें दोनदां वाचलें. लाल पेन तिच्या पर्समध्यें होतें. तिनें पान तसेंच घडी करून शब्दरूपावलींत ठेवलें.